शिक्षकाच्या घडणीतील अनुभवाचा प्रश्न

दलित लेखक लिहू लागला तेव्हा प्रस्थापित समीक्षेने त्याला एकच गोष्ट मोठ्या मनाने देऊन टाकली होती, ती म्हणजे अनुभव. तुमचा अनुभव नवा आहे, जळजळीत आहे, अस्सल आहे असे म्हणावयाचे आणि कला, भाषा, चिंतन हा सारा मुलूख आपल्याकडे ठेवावयाचा, अशी ती वाटणी होती. या वाटणीविरुद्ध आपल्या नियतकालिकांनी वर्षानुवर्षे भांडण केले. अनुभव हा नुसता कच्चा माल नसतो, त्याच्याकडे पाहणारी जाणीव त्याच्या आतच असते, हे आपण पुनःपुन्हा सांगत आलो. आता तोच शब्द दुसऱ्या एका दाराने मोठ्या थाटात आत आला आहे. शिक्षक तयार करणाऱ्या महाविद्यालयांत आज जो तो 'अनुभवाधारित शिक्षणा'विषयी बोलतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर त्याचा आग्रह धरला आहे. परिसंवाद होतात, कार्यशाळा होतात, अहवाल छापले जातात. ऐकताना वाटते, अखेर यांना आपले म्हणणे पटले! मग जरा जवळ जाऊन पाहिले की लक्षात येते, शब्द तोच असला तरी त्यातला माणूस बदललेला आहे.

माझे म्हणणे असे की शिक्षक घडविणारे महाविद्यालय आपण आखून दिलेल्या अनुभवालाच अनुभव मानते. जो अनुभव घेऊन विद्यार्थी त्याच्या पायऱ्या चढून येतो, त्याला ते दारातच चपलांशेजारी ठेवावयास लावते. अशा रीतीने तयार झालेला शिक्षक पुढे आपल्या वर्गातल्या मुलांनाही तेच करावयास सांगतो. हे मी ज्या मुलखात शिकलो आणि शिकवले त्या तिवसा भागातील दोन-चार प्रसंगांवरून आणि आपल्या काही आत्मकथनांवरून तपासून पाहणार आहे.

मी तिवशाजवळच्या एका खेड्यातला. बी. ए. ला असताना राष्ट्रीय सेवा योजनेत नाव दिले होते. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली आणि पुढे ती खेड्यापाड्यांतल्या महाविद्यालयांपर्यंत पोचली. पुस्तकाबाहेरचे काही शिकण्याची आमच्यासारख्यांना मिळालेली ती पहिली संधी, आणि मी तिची थट्टा करणार नाही. हिवाळ्यात एका दत्तक गावात आमचे शिबिर पडले. मोझरीचे गुरुकुंज याच तालुक्यात असल्यामुळे सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई आमच्या भागाला नवी नव्हती. राष्ट्रसंतांच्या ग्रामगीतेत जीवन शिक्षणावर एक अध्यायच आहे. तेव्हा पहाटे प्रार्थना, मग प्रभातफेरी, मग झाडू, फावडे, टोपले. दुपारी बौद्धिक. रात्री करमणूक.

तिसऱ्या दिवशी बौद्धपुऱ्याची पाळी आली. माझी मावशी त्याच पुऱ्यात दिलेली होती. झाडू घेतलेल्या पोरांच्या रांगेत मला पाहून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काऊन रे बापू, कॉलेजात शिकाले गेलता का झाडाले?" पोरे हसली, मीही हसलो. पण तो प्रश्न थट्टेचा नव्हता. माझी माय पाटलाच्या वाड्यातला गोठा रोज झाडत असे. तिची मायही झाडत असे. झाडू आमच्या घरात तीन पिढ्यांपासून होता आणि तो हातातून सुटावा म्हणून मला कॉलेजात घातले होते.

रात्री अनुभवकथनाचा कार्यक्रम झाला. एका मोठ्या घरातला माझा मित्र उठला आणि म्हणाला की त्याने आयुष्यात पहिल्यांदा झाडू हातात घेतला, आज त्याला हलके वाटते आहे. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. माझी पाळी आली तेव्हा मी "चांगले वाटले" एवढे म्हणून खाली बसलो. दुसरे काय म्हणणार होतो? मायचा गोठा तिथे सांगितला असता तर त्या रात्रीचा गोडवा गेला असता, आणि कदाचित माझ्या मित्राचे पाणीही आटले असते. शिबिराच्या अहवालात त्याचे मनोगत आले. माझे यावयाचे कारणच नव्हते.

या प्रसंगात वाईट कोणी नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. एकाच झाडूने दोन विद्यार्थ्यांना दोन वेगळ्या गोष्टी शिकविल्या. एकाला श्रमाचे मोल कळले, दुसऱ्याला आपले घर लपविण्याची कला आली. पुढे आम्ही दोघेही शिक्षक झालो. शिबिर आखणाऱ्यांना मात्र एकच अनुभव दिला गेला असे वाटत होते, कारण श्रम करणे हा ज्याच्यासाठी नवा प्रकार आहे तोच विद्यार्थी त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

कोणी म्हणेल, गाडगेबाबांनीही झाडूच हाती घेतला होता. बाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे, परीट जातीतले. पण बाबांच्या झाडूबरोबर रात्रीचे कीर्तन असे, आणि त्या कीर्तनात प्रश्न असत. देव कुठे आहे, कर्ज काढून सण कशाला, बोकड कशाला कापता, पोराला शाळेत का घालत नाही, असे प्रश्न ते गावालाच विचारीत आणि गावाकडूनच उत्तर वदवून घेत. सकाळी झाडलेल्या गावाला रात्री आरशासमोर उभे करीत. आमच्या शिबिरांनी बाबांचा झाडू उचलला आणि प्रश्न तिथेच ठेवले. त्या पुऱ्यात कचरा का साचतो, नाली तिथपर्यंत का येत नाही, विहीर कुठे आहे आणि कोणाची आहे, हे दहा दिवसांच्या बौद्धिकांत एकदाही निघाले नाही. निघाले असते तर माझ्या मित्राला झाडूपेक्षा मोठा अनुभव आला असता आणि मलाही बोलता आले असते.

यानंतर अमरावतीला बी. एड्. केले. साल १९८४-८५. तेव्हा तो एका वर्षाचा अभ्यासक्रम होता आणि त्याचा जीव म्हणजे सराव पाठ. त्या काळी बी. एड्. केलेल्या कोणालाही विचारा, त्याला पाठटाचणाची वही, रंगीत खडू, गुंडाळफळा आणि हर्बार्टची पंचपदी आठवेल. माझा भूगोलाचा एक पाठ शहराबाहेरच्या एका खेड्यातील शाळेत होता. विषय काळी मृदा आणि कापसाचे पीक. दोन रात्री जागून मी कापसाच्या झाडाचा सुरेख तक्ता काढला होता. वर्गात गेलो तर पटावर बत्तीस आणि हजर चौदा. दिवाळीनंतरचे दिवस, वेचणी सुरू झालेली. उरलेली मुले कुठे, असे विचारले तेव्हा पुढच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "सर, थे मायसंग वावरात गेलते, कापूस येचाले." म्हणजे मी ज्याचा तक्ता टांगून बसलो होतो तेच पीक वेचावयास माझा वर्ग गेलेला होता.

मी तक्ता बाजूला ठेवला. मुलांना विचारू लागलो, कापूस कसा वेचतात? एक म्हणाला, वाळलेल्या बोंडाची टोके बोटांत घुसतात. दुसऱ्याने सांगितले की सकाळी दव असताना वेचलेला कापूस वजनाला भरतो पण मालक तो घेताना कुरकुर करतो. तिसऱ्याने मायची मजुरी किलोमागे किती पडते ते सांगितले आणि दिवसाचा हिशेब तोंडी करून दाखविला. त्याला गणितात नापास ठरविण्यात आले आहे, असे नंतर कळले. काळी जमीन ओल का धरून ठेवते, हे एका मुलीने मला माझ्या टाचणापेक्षा बरे समजावून दिले. तास केव्हा संपला ते समजले नाही. मागच्या बाकावर निरीक्षण करीत बसलेल्या प्राध्यापकांनी माझ्या वहीत तांबड्या शाईने शेरा लिहिला. उद्दिष्टांपासून पाठ दूर गेला, शैक्षणिक साधनाचा वापर अपुरा, बोलीभाषा टाळावी. मी फळ्यावर 'वावर' हा शब्द लिहिला होता, त्याखाली रेघ होती. 'शेत' लिहावयास हवे होते.

पुढचे सर्व पाठ मी पंचपदीप्रमाणे घेतले आणि चांगले गुण मिळविले.

हे मी गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. ते प्राध्यापक सज्जन होते आणि त्यांच्यापुढे जो नमुना ठेवला होता त्याप्रमाणे ते वागले. माझा आक्षेप त्या नमुन्यावर आहे. सराव पाठ हा अनुभवासाठीच असतो ना? मग त्या दिवशी त्या वर्गात अनुभव कोणता होता? गैरहजर असलेली अठरा मुले हा त्या पाठाचा सर्वांत मोठा धडा होता, आणि निरीक्षणाच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. महाविद्यालयाच्या लेखी ती मुले नव्हतीच, कारण ती वर्गात नव्हती.

शंभरावर वर्षांपूर्वी एका माणसाने हे नेमके ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांच्या शिक्षकांविषयी जे म्हटले आहे ते आपल्या प्रत्येक अध्यापक महाविद्यालयाच्या भिंतीवर लावावे असे आहे. शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत आणि ते मुलांपासून अंगचोरपणे वागतात, हे त्यांनी नोंदविले. शक्यतो शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, म्हणजे ते त्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराची हत्यारे हातात धरावयास लाजणार नाहीत, अशी त्यांची मागणी होती. शिकलेल्या शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, असेही ते म्हणतात. पगार आणि नांगर एकाच निवेदनात! शिक्षकाच्या अनुभवाचा विचार त्याच्या पोटापासून तोडून करता येत नाही, हे जोतीरावांना माहीत होते. आजच्या अनुभवाधारितांना अजून कळावयाचे आहे.

जोतीरावांच्या नांगरात आणि पुढे वर्ध्याला आलेल्या चरख्यात फरक आहे, तो नीट पाहिला पाहिजे. आमच्या तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. कौंडण्यपूर तिच्याच काठी. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा. तिथे १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी शिक्षण परिषद भरविली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली, आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणारी नई तालीम जन्मास आली. हाताने काम करणे शाळेत प्रतिष्ठेचे ठरावे ही त्यामागची भूमिका मोठी होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या समाजात धंदा जन्माने ठरतो तिथे शाळेतील उद्योग हा प्रत्येक मुलासाठी सारखा नसतो. ब्राह्मणाच्या मुलाने कातडे हातात घेतले तर ती क्रांती होते. चांभाराच्या मुलाने शाळेतही कातडेच हातात घेतले तर तो घरूनच शाळेत आला की शाळेतून घरी गेला, हे त्याला समजत नाही. जोतीरावांनी नांगराची मूठ शिक्षकाच्या हातात दिली होती, मुलाजवळ जाता यावे म्हणून. मुलाला त्यांनी नांगराला बांधले नव्हते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुढे 'कार्यानुभव' शाळेत आणला, त्यानंतर समाजोपयोगी उत्पादक कार्य आले. आमच्या शाळांतून त्याचे खडूचे डबे आणि कागदी फुले झाली, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

अनुभवाधारित शिक्षणाचे आजचे पुरस्कर्ते जॉन ड्यूईचे नाव नेहमी घेतात. तो बाबासाहेबांचा गुरू होता, हे मात्र आमच्या अध्यापक महाविद्यालयांत क्वचितच सांगितले जाते. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकत होते आणि ड्यूई तिथे शिकवीत होता. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या निबंधात बाबासाहेबांनी आपल्यावरील त्याचे ऋण उघड सांगितले आहे. ड्यूईकडून त्यांनी काय घेतले? लोकशाही ही केवळ राज्य चालविण्याची पद्धत नसून एकत्र जगण्याची, एकमेकांचे अनुभव एकमेकांपर्यंत पोचविण्याची रीत आहे, हा विचार घेतला. जातीने नेमके हेच पोचणे बंद केले आहे. आणि ड्यूईने १९३८ साली 'अनुभव आणि शिक्षण' या लहानशा पुस्तकात स्पष्ट बजावले होते की प्रत्येक अनुभव शिकवितोच असे नाही. काही अनुभव माणसाची पुढची वाढच खुंटवितात. आपल्याकडे ड्यूईचे पहिले वाक्य आले, हे दुसरे राहून गेले. बाबासाहेबांचा ड्यूई आणि बी. एड्. च्या गाईडमधला ड्यूई हे दोन वेगळे गृहस्थ आहेत.

वाढ खुंटविणारा अनुभव म्हणजे काय आणि त्यातून शिक्षक तरीही कसा घडतो, हे पाहावयाचे असेल तर प्रशिक्षणाची पुस्तके बाजूस ठेवून आपली आत्मकथने उघडावी लागतात. त्यांतील कितीतरी शिक्षकांनी लिहिली आहेत. आपल्या समीक्षेने त्यांच्याकडे वेदना आणि विद्रोह यांच्या अंगाने पाहिले, ते योग्यच झाले. पण एक शिक्षक कसा तयार होतो याची मराठीतली सर्वांत प्रामाणिक कागदपत्रे म्हणूनही ती वाचता येतात, तसे आपण फारसे वाचलेले नाही.

शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या पहिल्या दलित शिक्षिका. १९४२ साली त्या जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिकवावयास लागल्या आणि प्रशिक्षणासाठी पुण्याच्या महिला ट्रेनिंग कॉलेजात गेल्या त्या १९५२ साली. म्हणजे दहा वर्षे वर्ग सांभाळल्यानंतर त्यांना 'शिकवावे कसे' हे शिकविले गेले. ज्या बाईने गावाबाहेर राहून गावातल्या मुलांना अक्षरे दिली, घरचे पाणी, पोरे, दारिद्र्य सांभाळून दिली, तिच्याजवळचा दहा वर्षांचा ऐवज त्या कॉलेजला विचारावासा वाटला असेल का? या प्रश्नासाठी पुस्तक मी दोनदा वाचले. शांताबाई तक्रार करीत नाहीत, त्यांचे वाक्य लहान आणि बोलीतले असते, आणि त्या स्वतःला कोठेही मोठे करीत नाहीत. त्यांची ती भाषा जर माझ्या पाठाच्या वहीत आली असती तर तिच्याखालीही तांबडी रेघ पडली असती. मराठी वाङ्मयाने ती भाषा स्वीकारली आहे. अध्यापनाच्या शास्त्राने नाही.

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली आले. त्या आमच्या विदर्भाच्या, नागपूरच्या. महार कुटुंबातील मुलगी संस्कृत शिकते, एम. ए. होते आणि संस्कृतची प्राध्यापिका बनते, एवढी ती कथा. समारंभांतून लोक त्यांची ओळख याच नवलाईने करून देत आणि त्यांना त्या कौतुकाचा वीट येत असे, इथपासून त्या सुरुवात करतात. मला त्यातले दोन शिक्षक महत्त्वाचे वाटतात. एक शाळेतले गोखले गुरुजी. जुन्या वळणाचे ब्राह्मण. मुलीला वाटले होते की हे आपल्याला दूर ठेवतील, आणि त्यांनी तिला मायेने संस्कृत शिकविले. दुसरे विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागातले मोठे पंडित. त्यांना ही मुलगी संस्कृत शिकते हेच सहन होत नव्हते आणि त्यांचे टोमणे तिला रक्तबंबाळ करीत. एकाच भाषेच्या, एकाच परंपरेच्या दोन माणसांनी एका भावी शिक्षिकेला दोन परस्परविरुद्ध धडे दिले. कोणत्या पाठटाचणात हे बसते?

तिसरा धडा व्यवस्थेने दिला. एम. ए. झाल्यावर नोकरी मिळेना. अर्ज, मुलाखती, दिल्लीपर्यंत पत्रव्यवहार, सगळे झाले. आंतरजातीय विवाहानंतर सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे आले आणि मग काही महिन्यांत शासकीय महाविद्यालयातील जागा चालून आली. ज्ञान तेच, पदवी तीच, माणूस तोच. कुमुद सोमकुवर शेवटपर्यंत बेकारच राहिली, हे लेखिकेने ज्या थंडपणे नोंदविले आहे त्या थंडपणात या पुस्तकाची सगळी ताकद आहे. ज्याला अनुभवातून शिक्षण म्हणतात ते याहून कडक कोणते असेल? आणि तरीही त्या वर्गात गेल्या, शिकवीत राहिल्या, आपल्याला ज्या भाषेने नाकारले ती भाषा दुसऱ्यांना देत राहिल्या. शांताबाई आणि कुमुदताई दोघीही २०२३ साली गेल्या. अमरावती-अकोल्याकडच्या किती बी. एड्. महाविद्यालयांत त्या आठवड्यांत या दोन शिक्षिकांची पुस्तके टेबलावर आली असतील?

येथे एक गोष्ट आपल्या माणसांनाही ऐकविली पाहिजे. ज्याने सोसले तो आपोआप चांगला शिक्षक होतो, असा एक भाबडा समज आपल्यात आहे. त्या पंडितांच्या टोमण्यांतून एक कुमुद पावडे निघाली, तसाच सूड उगविणारा एखादा मास्तरही निघू शकला असता, आणि असे मास्तर मी पाहिले आहेत. आपल्याच वस्तीतून आलेला, उपाशी राहून शिकलेला, आणि वर्गातल्या उपाशी पोराला "मी शिकलो, मग तुला काय धाड भरली?" म्हणून छडी मारणारा. त्याच्याजवळ अनुभवाची कमतरता नव्हती. त्या अनुभवाकडे बसून पाहण्याची, तो कोणाला सांगण्याची संधी त्याला कोणी दिली नव्हती. डी. एड्. ला त्याने तो लपविला आणि नोकरीत तो छडीतून बाहेर आला. मग अमरावतीला घर, रोज मोटारसायकलने जाणे-येणे, मुले इंग्रजी शाळेत. आपल्या आत्मकथनांतही शिक्षक झाल्यानंतरची पाने बहुधा थोडी असतात. विद्यार्थी म्हणून जे भोगले ते सविस्तर येते. स्वतः फळ्याशी उभे राहिल्यावर समोरच्या पारध्याच्या, मांगाच्या, कोलामाच्या मुलाशी आपण कसे वागलो हे फारसे येत नाही. ते लिहिले गेले पाहिजे. त्यात आपली अब्रू जाईल, पण आत्मकथनाने अब्रू सांभाळावयाची असते असे कोणी सांगितले?

मोकळेपणाने सांगण्याची संधी म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्याकडे आहे. १९५० साली बाबासाहेबांनी त्या वेळच्या औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद. मराठवाड्यातली, आमच्या वऱ्हाडातलीही, मुले तिथल्या वसतिगृहात येऊन राहिली. म. भि. चिटणीसांसारखे प्राध्यापक तिथे होते. आपल्या घरचे, गावचे, भुकेचे लिहिण्यास लाजू नये, असे वातावरण त्या कॉलेजात तयार झाले. मुले वार्षिक अंकांतून लिहू लागली. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) त्याच मातीतून उडाले, आणि ते इंग्रजीचे प्राध्यापक होते हे विसरू नये. मिलिंदमध्ये अनुभवाधारित शिक्षणाचा तास नव्हता. विद्यार्थ्याने आणलेला अनुभव हाच विषय होऊ शकतो, एवढी मान्यता होती. तिथून महाराष्ट्राला किती शिक्षक मिळाले ते सर्वांना माहीत आहे.

आजचे चित्र सांगून थांबतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी. एड्. दोन वर्षांचे झाले आणि वीस आठवडे शाळेत जाणे सक्तीचे झाले. चार पहिल्या वर्षी, सोळा दुसऱ्या वर्षी. त्याला आंतरवासिता म्हणतात. कागदावर ही फार मोठी सुधारणा आहे. चाळीस मिनिटांच्या सराव पाठापेक्षा सोळा आठवडे म्हणजे मुलांची नावे पाठ होतात, कोणाचे घर कुठे ते कळते. ज्या महाविद्यालयांत विद्यार्थी फक्त परीक्षेला उगवतो, ज्याला आपल्याकडे 'नॉन-अटेंडिंग' म्हणतात, तिथे हे वीस आठवडे झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण होतात, तो भाग सोडा. प्रामाणिकपणे करणाऱ्यांविषयी मी बोलतो.

मागे तिवसा भागातीलच एक विद्यार्थिनी आपली आंतरवासितेची दैनंदिनी घेऊन माझ्याकडे आली होती. मी आता निवृत्त आहे. मुले अधूनमधून काही दाखवावयास येतात. दैनंदिनी नीटनेटकी होती. तारीख, उपक्रम, तास, निष्पत्ती, मुख्याध्यापकांची सही. परिसर भेट, क्षेत्रभेट, रांगोळीतून भूमिती. पाने उलटताना मी सहज विचारले की शाळेत पहिला दिवस कसा गेला. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "सर, पाचवीतल्या एका पोरीनं मले इचारलं, मॅडम, तुमी कोन्या पुऱ्यातल्या?"

आमच्याकडे पुरा विचारणे म्हणजे काय, ते वाचकांना सांगावयास नको.

"मग तू काय सांगितलं?"

"गावाचं नाव सांगितलं, सर. पुरा नाही सांगितला."

हे दैनंदिनीत का लिहिले नाहीस, असे मी विचारले. तिने वही माझ्याकडे फिरविली आणि रकान्यांवरून बोट फिरवीत म्हणाली की यात ते कुठे लिहिणार? खरेच होते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीने जात विचारण्याची ही रीत कुठून उचलली, शिक्षिकेने काय उत्तर द्यावयास हवे होते, दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर काही बोलता आले असते का, ती मुलगी स्वतः कोणत्या पुऱ्यातली होती, यातला प्रत्येक प्रश्न एकेका तासाचा आहे. सोळा आठवड्यांत त्या शाळेत घडलेली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट तीच होती.

मी तिला शांताबाईंचे पुस्तक दिले. महिन्याभराने तिने ते परत आणले. दैनंदिनीच्या शेवटी तिने दोन कोरी पाने डकविली होती आणि त्यांवर तो पहिला दिवस लिहिला होता, निम्मा प्रमाण मराठीत आणि निम्मा आमच्या बोलीत. त्या पोरीचे पुढे काय झाले तेही त्यात होते. दोघींनी एक दिवस डबा सोबत खाल्ला होता. त्या पानांना गुण मिळणार नाहीत हे तिला माहीत होते. महाविद्यालयात वही तपासून आली तेव्हा आधीच्या सर्व पानांवर सही होती आणि या दोन पानांवर काहीच नव्हते, तांबडी रेघसुद्धा नाही. ती विचारीत होती, "सर, वाचलं असन का त्यायनं?"